'स्वयंचलित बोली' म्हणजे नक्की कोण बोलतं?

प्रश्न असा आहे: ऑनलाइन लिलावाच्या सूचनांचं मराठी करताना एक वाक्य अडलंय, 'तुमची कमाल बोली नोंदवल्यावर स्वयंचलित बोली सुरू होईल.' ते वाचून दोघांनी विचारलं, 'म्हणजे कमाल रक्कम लगेच लागणार का?' वाक्यात काय चुकलं? शिवाय, अगदी शेवटच्या सेकंदाला रक्कम टाकण्याला 'स्नायपिंग' म्हणतात, त्याला मराठीत 'ऐनवेळची बोली' चालेल का?

वाचणाऱ्यांची शंका रास्त आहे. वाक्यात 'बोली' दोनदा आलीय आणि दोन्ही ठिकाणी तिचा अर्थ वेगळा आहे.

'लिलाव' हा शब्द पोर्तुगीजांकडून आला आणि त्यांच्याकडे तो अरबीतून गेला. मूळ अर्थ जाहीर करणं, पुकारणं असा आहे. 'बोली' तर उघडच 'बोलणे'वरून आली. जुने लोक लिलावात 'सवाल बोलतात', तिथेही बोलणंच आहे. म्हणजे लिलावातली बोली ही चारचौघांत, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल अशी सांगितलेली रक्कम. पण 'बोली'ला मराठीत आणखी एक अर्थ आहे: ठराव, अट. 'परत करण्याच्या बोलीवर घेतलं', 'अशी आपली बोली झाली होती' ही वाक्यं आठवा. ही बोली दोघांतली असते, तिसऱ्याला ती कळायचं कारण नाही.

ऑनलाइन लिलावात नेमकं हेच होतं. तुम्ही यंत्रणेला जी कमाल रक्कम देता, ती दुसऱ्या अर्थाची बोली: 'इथपर्यंतच जा, पुढे नाही' ही तुमच्यातली आणि यंत्रणेतली अट. इतरांना ती दिसत नाही. पानावर दिसते ती पहिल्या अर्थाची बोली, जी यंत्रणा तुमच्या वतीने बोलते आणि गरज पडेल तेवढीच बोलते.

एक लिलाव जवळून बघू. जुनं फाउंटन पेन आहे, 10 डॉलरपासून सुरुवात, आणि या आकड्यांच्या आसपास दर वेळी किमान 1 डॉलर चढवायचा असा नियम धरू. पहिल्या माणसाने यंत्रणेला 40 ची मर्यादा देऊन ठेवली. पानावर 40 दिसत नाही. दुसरं कोणी नाही, म्हणून 10 च दिसतात. दुसरा येऊन 25 टाकतो. क्षणात पानावर 26 होतात, आणि तेही पहिल्याच्या नावावर. दुसऱ्याला वाटतं समोर कोणीतरी जागं बसलंय, डोळ्यांत तेल घालून. तो 30 टाकतो, 31 होतात. चिडून 38 टाकतो, 39 होतात. इथे दुसरा हात टेकतो. पहिला माणूस या वेळी झोपलेला असू शकतो. मग लिलाव बंद व्हायला सहा सेकंद असताना तिसरा उगवतो आणि 60 ची मर्यादा टाकतो. पहिल्याची मर्यादा 40 ला संपते, त्यावर एक चढ, म्हणजे 41. घड्याळ थांबतं. पेन तिसऱ्याला सुटतं, 60 ला नाही, 41 ला.

(जाता जाता: 'लिलाव जिंकला' असं हल्ली सर्रास लिहितात. लिलाव ही शर्यत नव्हे. आपल्याकडे लिलाव एखाद्याच्या नावावर 'सुटतो'. हा शब्द मदत-पानात आणलात तर मी तुमचा ऋणी.)

म्हणजे ज्याची मर्यादा सगळ्यांत मोठी त्याला वस्तू सुटते, पण किंमत ठरते दुसऱ्या क्रमांकाच्या मर्यादेवरून. दोघांची मर्यादा सारखीच असेल तर ज्याने आधी दिली त्याला झुकतं माप. विल्यम विक्री या अर्थशास्त्रज्ञाने 1961 साली याच्या जवळच्याच, बंद पाकिटातल्या रकमांच्या लिलावाचं गणित मांडलं. किंमत दुसऱ्याच्या आकड्यावरून ठरणार असेल, तर आपल्याला वस्तू जेवढ्याची वाटते तेवढाच खरा आकडा सांगण्यात तोटा नाही, असा त्याचा निष्कर्ष. 1996 साली त्यांना नोबेल जाहीर झालं आणि तीनच दिवसांनी ते गेले. टपाल तिकिटांच्या लिलावांतही ही रीत फार जुनी आहे. गैरहजर ग्राहक टपालाने मर्यादा कळवायचे आणि लिलाववाला त्यांच्या वतीने बोलायचा. यंत्रणेने त्या लिलाववाल्याची जागा घेतली, इतकंच.

आता 'स्वयंचलित' या शब्दावर माझा राग का, ते कळेल. स्वयंचलित जिना, स्वयंचलित दार यांत मालकाचा हुकूम नसतो. इथे हुकूम तुमचा आणि तोंड फक्त यंत्राचं. 'मुखत्यार बोली' अर्थाने चोख बसते, पण कोर्टकचेरीचा वास येतो. 'प्रतिनिधी बोली' वाचून निवडणूक आठवते. मी नामाच्या मागे लागणारच नाही. मराठी इथे क्रियापदाने बोलते: 'तुमच्या वतीने बोली लावली जाईल.' बटणावर जागा कमी असेल तर 'ऑटो बोली' लिहा, लोकांना कळतं. 'कमाल बोली' मात्र काढाच. तिथे 'मर्यादा' हवा. त्या दोन वाचकांचा सगळा घोटाळा या एका शब्दाने मिटतो.

आता स्नायपिंग. लांब चोचीच्या, पाणथळीत राहणाऱ्या एका चपळ पक्ष्याची शिकार करण्यावरून हा शब्द आला, मग तो लपून गोळी झाडणाऱ्या सैनिकाला लागला आणि तिथून लिलावात. 'ऐनवेळची बोली' मला पटत नाही. 'ऐनवेळी' म्हटलं की धांदल येते: ऐनवेळी पाहुणे आले, ऐनवेळी बेत बदलला. स्नायपिंग करणाऱ्याची धांदल नसते, त्याने चार दिवसांपूर्वीच ठरवलेलं असतं. 'झडप' शब्दात वेग आहे, पण आधीची वाट पाहणं नाही. ते वाट पाहणं ज्यात आहे तो शब्द आपल्याकडे तयारच आहे: टपणे. मांजर टपून बसतं तसं. 'टपून बोली लावणे' म्हणा, आणि नामच हवं असेल तर 'टपबोली' रूढ करून बघा. 'शेवटच्या घटकेची बोली' असंही कोणी सुचवेल, पण घटका 24 मिनिटांची. पळसुद्धा 24 सेकंदांचं. सहा सेकंद म्हणजे 15 विपळं, तेव्हा काटेकोर राहायचं तर 'विपळबोली' म्हणावं लागेल. ती कोणी म्हणणार नाही हे मलाही कळतं.

प्रकार मात्र इंटरनेटच्या फार आधीचा. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये मेणबत्तीचा लहानसा तुकडा पेटवून लिलाव चालत. ज्योत विझायच्या आत ज्याची शेवटची बोली, त्याला माल. लंडनच्या आरमार कचेरीतला अधिकारी सॅम्युअल पीप्सने 1662 च्या रोजनिशीत अशा लिलावातल्या एका हुशार माणसाची नोंद केलीय. ज्योत विझण्याच्या क्षणी धूर खाली वळतो, हे त्याने हेरलं होतं आणि तो धूर बघून तो शेवटची बोली बोलायचा. टपणं म्हणजे काय, ते यापेक्षा चांगलं दाखवता येणार नाही.

मग वरचं गणित खरं असेल, तर टपण्याचा फायदा काय? सगळ्यांनी आपली खरी मर्यादा पहिल्याच दिवशी दिली असती तर काहीच नाही. आपल्या उदाहरणात पहिल्याने 60 ची मर्यादा देऊन ठेवली असती, तर तिसऱ्याचे सहा सेकंद फुकट गेले असते. पण माणसं उदाहरणातल्या दुसऱ्या माणसासारखी वागतात. मर्यादेच्या रकान्यात बोली टाकतात, 25, मग 30, मग 38, आणि मागे पडलं की चिडून चढवतात. अशा माणसाला चढवायला वेळच उरू न देणं हा टपण्याचा पहिला फायदा. दुसरा फायदा जाणकारांना. जुनी वस्तू अस्सल आहे हे ज्याला कळतं, त्याने चार दिवस आधी बोली लावली तर बाकीचे ताडतात की यात काहीतरी आहे. अॅल्विन रॉथ आणि अॅक्सेल ओकेनफेल्स या अर्थशास्त्रज्ञांनी 2002 मध्ये ईबे आणि अॅमेझॉनचे लिलाव ताडून पाहिले. ईबेवर टपणारे जास्त निघाले, आणि संगणकांपेक्षा पुराणवस्तूंच्या लिलावांत अधिक.

हा फरक नियमामुळे पडतो. ईबेचा लिलाव ठरलेल्या सेकंदाला बंद होतो. अॅमेझॉनच्या तेव्हाच्या लिलावात शेवटच्या दहा मिनिटांत बोली आली की मुदत वाढायची. दहा मिनिटं कोणी बोललं नाही तरच लिलाव सुटायचा. आपल्या तोंडी लिलावातलं 'एक वार, दोन वार, तीन वार' म्हणजे हाच नियम. तीन वार होईपर्यंत कोणीही तोंड उघडू शकतो, त्यामुळे टपून बसण्यात अर्थ उरत नाही. घड्याळावर चालणाऱ्या लिलावात तीन वार नसतात, म्हणून तिथे टपणारे फोफावतात. टपण्याला ईबेचे नियम आड येत नाहीत. त्यासाठी तयार सॉफ्टवेअरही मिळतं. फक्त सहा सेकंदांत नेट अडखळलं तर बोली पोचतच नाही, आणि फेरविचाराला वेळ नसतो.

तर तुमचं वाक्य मी असं लिहीन: 'तुम्ही जास्तीत जास्त किती द्यायला तयार आहात ती मर्यादा नोंदवा. ती इतरांना दिसणार नाही. दुसऱ्या कोणी बोली चढवली, तर या मर्यादेपर्यंत तुमच्या वतीने लागेल तेवढीच बोली लावली जाईल.' तीन वाक्यं झाली खरी, पण त्या दोघांना दाखवून बघा.