लिनक्सच्या फाइल मॅनेजरमध्ये फाइलचे नाव बदलण्याचा शॉर्टकट कोणता? स्कॅन केलेल्या शेकडो फाइली असतील तर एकेक नाव बदलावे की टर्मिनलवरून एकदम?

शॉर्टकट एफ२ हा आहे. नॉटिलस, डॉल्फिन, नेमो, थुनार, काजा, पीसीमॅनएफएम या सगळ्यांत तोच चालतो. आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग मात्र आमच्या घरात कित्येक वर्षे वादाचा आहे आणि त्यासाठीच मी हे उत्तर लिहायला घेतले.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचे पॅटर्नचे लहान वर्कशॉप आहे. आम्ही लाकडाचे आणि ॲल्युमिनियमचे पॅटर्न, म्हणजे ओतकामाचा साचा ज्यावरून करतात ते नमुने, करतो आणि ते शिरोली व गोकुळ शिरगावच्या फाउंड्रींकडे जातात. वडिलांच्या काळापासूनची ड्रॉइंग लोखंडी कपाटात नंबरवार गठ्ठे बांधून ठेवलेली होती. २०१९ च्या महापुराचे पाणी आमच्यापर्यंत आले नाही, पण ओळखीच्या लोकांची भिजलेली कागदपत्रे उन्हात वाळत घातलेली पाहिल्यावर सगळी ड्रॉइंग स्कॅन करायचे ठरले. ४१२ कागद झाले. स्कॅनरने त्यांना स्कॅन_०००१ पासून स्कॅन_०४१२ पर्यंत नावे दिली. अशा नावाच्या ढिगातून गिऱ्हाईक समोर बसलेले असताना काहीही सापडत नाही.

मी एकेक ड्रॉइंग उघडून, उजव्या कोपऱ्यातला टायटल ब्लॉक वाचून, त्यातला नंबर, पार्टचे नाव आणि रिव्हिजन (ड्रॉइंग कितव्यांदा सुधारले ते) फाइलच्या नावात लिहायला सुरुवात केली. पन्नाससाठ फाइली झाल्या असतील तेव्हा चुलतभाऊ म्हणाला, "एक एक काय धरून बसलाईस दादा, एका दणक्यात उडवतो बघ." स्कॅन करताना आम्ही रजिस्टरमध्ये एकेका कागदाची एकेक ओळ लिहिली होती. त्याने ते नंबर संगणकावर उतरवले, त्यांवरून टर्मिनलमधल्या एमव्ही (mv) या नाव बदलण्याच्या आज्ञेच्या ४१२ ओळी तयार केल्या आणि मूळ स्कॅनच्या प्रतीवर त्या चालवल्या. काही सेकंदांत काम झाले. माझे पन्नाससाठ फाइलींचे कामही त्यात वाया गेले, तरी त्या दिवशी मीही त्याचे कौतुकच केले.

रजिस्टरमध्ये रिव्हिजनचा रकाना नव्हता. एकाच नंबराची दोन ड्रॉइंग असली की दोघांनाही तेच नाव मिळाले, आणि एमव्हीला वेगळे सांगितले नाही तर ती आधीची फाइल काहीही न विचारता पुसून नवी तिच्या जागी ठेवते. गठ्ठ्यात सुधारित ड्रॉइंग वर आणि जुने खाली असे, त्यामुळे जुने नंतर स्कॅन झाले होते आणि त्यानेच सुधारित ड्रॉइंगला पुसून टाकले. पडद्यावर चूक झाल्याची एक ओळही आली नाही. सगळे नीट झाले असे समजून मूळ स्कॅनचा फोल्डर काढून टाकला आणि पंधरा दिवसांनी कागद रद्दीत गेले. पुढे दिवाळीच्या तोंडावर एका पंपाच्या हाउसिंगचा पॅटर्न आम्ही त्या फाइलवरून केला. फ्लँजवर बोल्टची भोके सहा होती; गिऱ्हाइकाने ती आठ करून घेतली होती, पण तो बदल असलेले ड्रॉइंग आता कुठेच नव्हते. ओतलेला पहिला लॉट परत आला.

भाऊ आजही म्हणतो की चूक रजिस्टरची होती. रजिस्टर अपुरे होते हे मला मान्य आहे. पण तेच काम फाइल मॅनेजरमध्ये केले असते तर दुसऱ्यांदा तेच नाव लिहिताच "या नावाची फाइल आधीच आहे" असे सांगून त्याने आम्हाला अडवले असते, आणि दोन रिव्हिजन आहेत हे पहिल्याच जोडीला लक्षात आले असते. ज्या कागदावर काय लिहिले आहे ते वाचूनच नाव ठरते, तिथे एकेक नाव देणे हाच सरळ मार्ग आहे, आणि कीबोर्ड वापरला तर तो वाटतो तितका संथ नाही.

मी आता डॉल्फिन वापरतो. एफ११ दाबून बाजूला माहितीचा पॅनल उघडतो, म्हणजे निवडलेल्या फाइलचे चित्र तिथे दिसते. फाइली नावाप्रमाणे न लावता बदलाच्या तारखेप्रमाणे लावतो. नाव बदलल्याने ती तारीख बदलत नाही, म्हणून फाइल यादीतली जागा सोडत नाही. मग एफ२, नाव, टॅब. टॅब दाबला की पुढच्या फाइलचे नाव बदलायला उघडते. फक्त मुख्य नाव निवडले जाते, शेवटचे पीडीएफ तसेच राहते. माउसकडे हात गेला की नजरही तिकडे जाते आणि वाचलेला नंबर डोक्यातून निसटतो, हा माझा रोजचा अनुभव आहे.

नावात फक्त क्रमांक लावायचा असेल किंवा एखादा शब्द सगळीकडे बदलायचा असेल तर एकदम बदलायला माझी हरकत नाही. अनेक फाइली निवडून एफ२ दाबा. नॉटिलसमध्ये ही सोय २०१६ च्या ३.२२ आवृत्तीपासून आहे आणि दोन नावे सारखी होत असतील तर तो पुढे जाऊ देत नाही. डॉल्फिनमध्ये नावात तीन वेळा # लिहिले की ००१, ००२ असे आकडे पडतात. चुकले तर दोन्हींत कंट्रोल झेड आहे. टर्मिनलच हवे असेल तर एमव्हीला निदान 'आय' हा पर्याय लावा, म्हणजे जुनी फाइल पुसण्याआधी ती विचारते.

लॅपटॉपवर एफ२ दाबून पडद्याचा उजेड किंवा आवाज बदलत असेल तर एफएन धरून दाबा; बऱ्याच लॅपटॉपवर एफएन आणि एस्केप एकत्र दाबले की ही अडचण कायमची जाते. मिडनाइट कमांडर या टर्मिनलमध्ये चालणाऱ्या फाइल मॅनेजरमध्ये एफ२ ने वेगळाच मेनू उघडतो, तिथे नाव बदलायला एफ६ आहे. नावे मराठीत देणार असाल तर ती आखूड ठेवा. ईएक्सटी४ या लिनक्सच्या नेहमीच्या फाइल सिस्टिमवर नावाची मर्यादा २५५ बाइटची आहे आणि देवनागरीतले अक्षर, मात्रा, अनुस्वार, हलंत प्रत्येकी ३ बाइट घेतात, म्हणजे सगळी मिळून ८५ चिन्हे. विंडोजवरून आणलेली लांब मराठी नावे याच कारणाने कॉपी होत नाहीत.

आणि कागद रद्दीत घालण्याआधी फाइली मोजा. आमच्याकडे ४१२ कागदांच्या ३७४ फाइली उरल्या होत्या.