मॉन्टेनेग्रो या सहा लाख वस्तीच्या युरोपीय देशाला वॉटर पोलोत ऑलिम्पिक पदक का नाही? नशीब वाईट म्हणून?

नशिबाचं सोडा. 2008, 2012, 2016 असा लागोपाठ तीनदा चौथा क्रमांक! बीजिंगला उपांत्य सामन्यात हंगेरीकडून 11-9, मग कांस्यपदकासाठी सर्बियाकडून 6-4. लंडनला क्रोएशिया 7-5, सर्बिया 12-11. रिओत क्रोएशिया 12-8, इटली 12-10. लंडनचा तो एक गोल नशिबाचा म्हणा हवं तर, बाकीचे पाच सामने कुठे घालाल?

माझ्या मते घोडं अडतं ते एक्सक्लूजनवर. फाउल केलेला खेळाडू तेव्हाच्या नियमाने 20 सेकंद बाहेर, म्हणजे गोलीपुढे पाच आणि समोर सहा. हल्ला करणारे चौघं गोलपासून दोन मीटरच्या रेषेवर आणि दोघं बाहेर पसरतात, चेंडू भराभर फिरवतात. बचाव करणाऱ्याने हात उभा धरून जवळचा कोपरा झाकायचा, लांबचा गोली बघतो. हा उभा हात खरं तर पायांवर टिकतो. एगबीटर, म्हणजे पाण्यात उभं राहायला पायांनी सतत मारलेली घुसळण, मंदावला की छाती पाण्यात जाते, हात वीतभर खाली येतो आणि चेंडू नेमका त्यावरून जातो. त्यात तीन एक्सक्लूजन झाली की खेळाडू सामन्याबाहेर. सेंटरला, म्हणजे गोलसमोर ठाण मांडणाऱ्या हल्लेखोराला, रेटून धरणारा बचावपटू (सेंटर-बॅक) यात सगळ्यात आधी जातो.

तेव्हा संघ 13 जणांचा, त्यात दोन गोली. सर्बिया-हंगेरीचा तिसरा सेंटर-बॅकही पहिल्याच्याच तोलाचा. मॉन्टेनेग्रोचा बहुतेक संघ कोतोर, हेर्त्सेग नोवी, बुडवा एवढ्या किनारपट्टीतून येतो. पाण्यात उतरणारे पहिले सात कुणालाही भारी होते. जुलै 2008 मध्ये, स्वतंत्र होऊन दोनच वर्षं झाली असताना, स्पेनमधल्या मालागात सर्बियाला हरवून ते युरोपचे विजेते झाले. पण पदकाच्या सामन्यापर्यंत राखीव आठव्या-नवव्या खेळाडूची गरज पडते.

आणि "युगोस्लावियाच्या पुण्याईवर जगतात" हे ऐकून कान किटले. 2004 चं अथेन्सचं रौप्य सर्बिया-मॉन्टेनेग्रो या तेव्हाच्या एकत्र देशाचं होतं, त्या संघात गोयकोविच आणि योकिच हे कोतोरचे. पदकतक्त्यात मॉन्टेनेग्रोच्या नावापुढे ते दिसत नाही, एवढंच. त्यांचं पाणी बघायचं असेल तर लोकसंख्या बाजूला ठेवा आणि प्रिमोरात्स, यादरान या क्लबांचे सामने बघा.

हे सगळं 2016 पर्यंतचं, हेही खरं. टोकियोत उपांत्यपूर्व फेरीत ग्रीसने 10-4 धुतलं, पॅरिसला तर ती फेरीही गाठता आली नाही. आता पहिल्या सातांबद्दलही मी इतकं ठासून बोलणार नाही.