सांगलीत सरकारी रुग्णालयाच्या गेटवर सिस्टर मनुष्यबळ वाढवण्यासाठी सह्या घेतायत. मागणी रास्त आहे का? सहीपलीकडे आपण काय करू शकतो?

मागणी रास्त आहे, सही जरूर करा. फक्त त्याआधी एक आकडा समजून घ्या, कारण चांगली चांगली निवेदनं तिथेच फसतात.

वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेल्या रुग्णालयातल्या सामान्य वॉर्डासाठी भारतीय परिचर्या परिषदेचा निकष १:३ आहे. वाचणाऱ्याला वाटतं, तीन रुग्णांमागे एक सिस्टर. तसं नाही. हे प्रमाण तिन्ही पाळ्या मिळून आहे, एका पाळीत ते १:९ होतं. त्यावर रजा राखीव म्हणून, म्हणजे रजेवर गेलेल्यांच्या जागी, ३० टक्के. म्हणजे ३० खाटांना १० अधिक ३, अशा १३ अधिपरिचारिका (स्टाफ नर्स), आणि एका पाळीला तीन-चार. निवेदनात 'तीन रुग्णांमागे एक' लिहिलंत तर तुमचा मुद्दा पहिल्याच ओळीत खोडला जाईल.

दुसरी मेख खाटांची. पदं मंजूर खाटांवर ठरतात, काम मात्र रुग्णांवर. जमिनीवर गाद्या टाकून ४५ रुग्ण ठेवले तरी कागदावर वॉर्ड ३० चाच राहतो.

आता समजा, रात्री ४० रुग्णांमागे एकच सिस्टर आहे. नाडी, बीपी, ताप बघून नोंद करायला माणशी चार-पाच मिनिटं धरा. एकाच फेरीत तीन तास गेले. रक्त चढवताना पहिली १५ मिनिटं रुग्णाजवळ थांबावं लागतं, रिअ‍ॅक्शन आली तर बऱ्याचदा तेव्हाच येते. त्याच वेळी पलीकडचं सलाईन संपतं, कुणाचा ऑक्सिजन निघतो. अंथरुणाला खिळलेल्याची दर दोन तासांनी बदलायची कूस तशीच राहते आणि पाठीला जखमा होतात. याला मी सिस्टरचा हलगर्जीपणा म्हणणार नाही. दोन हातांत हे मावतच नाही. युरोपातल्या नऊ देशांच्या अभ्यासात (लॅन्सेट, २०१४) परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रिया झालेल्यांच्या ३० दिवसांतल्या मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली.

सरकारी परिचारिकांना वर्तणूक नियमांमुळे सरकारवर जाहीर टीका करता येत नाही. म्हणून आकडे नागरिकांनी मागायचे. माहिती अधिकाराचा अर्ज 'जोडपत्र अ' मध्ये करा, १० रुपयांचं कोर्ट फी स्टँप लावा, विषय एकच ठेवा आणि मजकूर १५० शब्दांत बसवा. मागायचं एवढंच: अधिपरिचारिका व परिसेविकांची (वॉर्डच्या प्रमुख सिस्टर) मंजूर, भरलेली आणि रिक्त पदं, त्यांतल्या कंत्राटी किती, प्रतिनियुक्तीवर बाहेर किती, आणि मागच्या तीन महिन्यांत वॉर्डनिहाय रात्री १२ ची रुग्णसंख्या व त्या रात्री ड्युटीवर असलेल्यांची संख्या. प्रतिनियुक्ती विसरू नका. पद भरलेलं दिसतं, माणूस भलत्याच ठिकाणी काम करत असतो. रुग्णांची नावं अजिबात मागू नका, त्या कारणावरून माहिती नाकारली जाऊ शकते.

अर्ज कुठे द्यायचा यातही गफलत होते. महाविद्यालयाच्या रुग्णालयासाठी अधिष्ठात्यांचं (डीनचं) कार्यालय, जिल्हा शल्यचिकित्सकांच्या अखत्यारीतल्या ग्रामीण रुग्णालयांसाठी त्यांचं, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी जिल्हा परिषदेचा आरोग्य विभाग.

आकडे हातात आले की मागणीचे दोन भाग करा. रिक्त पदं भरा, ही एक. आकृतिबंध (कुठे किती पदं याचा मंजूर आराखडा) सुधारून नवी पदं मंजूर करा, ही दुसरी. ती मुंबईत मंत्रालयात, वित्त विभागाच्या संमतीने ठरते. अधिष्ठात्यांच्या दारात नव्या पदांसाठी घोषणा देणं मला वाया गेलेला दिवस वाटतो. त्यापेक्षा गावोगावच्या ग्रामसभांचे ठराव गोळा करा आणि आकड्यांसह आमदारांना देऊन अधिवेशनात तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न, विचारायला लावा.

सह्या घेताना खाटेवरच्या रुग्णाला गाठू नका, वॉर्डात फोटो काढू नका. बाहेर बसलेले नातेवाईक पुरेसे आहेत. रात्र त्यांनीही पाहिलेली असते.

माहितीचं उत्तर ३० दिवसांत आलं नाही, तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करा. अर्जाची पोच त्यासाठी जपून ठेवा.