म्हापशातलं सुपरमार्केट, आम्ही तिघंच कामाला, वर माल चोरीला जातो. ३१ मार्चचा स्टॉक कसा मोजावा?

सगळं दुकान एका रात्रीत मोजायला घेऊ नका. गोदाम आठवडाभर आधी मोजा, प्रत्येक खोक्यावर नग लिहून टेप मारा. टेप फाटलेली दिसली तरच ते खोकं पुन्हा. शुक्रवार सोडा, बाजाराच्या दिवशी काउंटरवरून कोणी हलू शकत नाही.

त्याआधी खरेदीची सगळी बिलं चढलेली हवीत, फुटका आणि एक्सपायरी माल वेगळा. मोजणाऱ्याला कॉम्प्युटरमधला आकडा दाखवूच नका. दिसला की मोजणी बरोबर तिथेच येऊन थांबते! एक मोजेल, दुसरा लिहील, तिसरा फरक आलेले नग फेरमोजेल.

तूट म्हणजे चोरीच असं नाही. गुलाबाचा साबण ६ कमी आणि लिंबाचा ६ जास्त, तर बिलिंगला लिंबाचाच बारकोड मारत गेलेत. १२ नगांचं खोकं १ म्हणून चढलं की ११ जास्त दिसतात. चोरीला अशी जोडी सापडत नाही. ब्लेड, डिओ, काजूची पाकिटं, दारूच्या छोट्या बाटल्या नुसत्याच कमी होतात. एवढाच माल रोज दुकान बंद करताना मोजा: कुठल्या दिवशी गेला ते कळतं आणि सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग पुसायच्या आत बघता येतं.

चोरीच्या मालावरचं इनपुट टॅक्स क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची घेतलेली वजावट) मालकाला उलटवावं, म्हणजे परत भरावं लागतं, म्हणून तूट लेखी नोंदवा. तुमचं म्हणणं न ऐकता ती पगारातून कापणं मात्र कायद्यात बसत नाही.