म्हाताऱ्या कुत्र्याच्या ऑपरेशनला हो म्हणण्याआधी

“म्हातारा झालाय, आता कशाला त्रास द्यायचा” हा विचार आधी बाजूला ठेवा. वय हा आजार नाही. भूल झेपेल का, हे हृदय, किडनी आणि लिव्हरवर ठरतं, म्हणून त्या तपासण्या करून घ्या. गाठ कॅन्सरची वाटत असेल तर छातीचा एक्स-रे काढल्याशिवाय होकार देऊ नका. फुफ्फुसात पसरलं असेल तर सगळं गणितच बदलतं.

डॉक्टरांना सरळ विचारा: याने तो बरा होईल, की थोडा वेळ मिळेल? प्लीहेच्या हिमँजिओसार्कोमात (रक्तवाहिन्यांच्या कॅन्सरमध्ये) नुसत्या ऑपरेशननंतर साधारण १ ते ३ महिनेच मिळतात, तिथे नाही म्हणणंही प्रेमच असतं. याउलट मादीच्या गर्भाशयात पू झाला असेल तर थांबणं जिवावर बेततं. पोट फुगून पीळ पडला असेल तर विचार करत बसूच नका, आहात तसे दवाखान्यात पळा.

खर्च आधीच विचारा, त्यात संकोच कसला? टाके निघेपर्यंतचे १० ते १४ दिवस त्याच्याजवळ कोण थांबणार, तेही ठरवा.

आणि नकार द्यायचं ठरलं, तर वेदना कमी ठेवणारी औषधं त्याच दिवशी मागून घ्या. माणसांची आयबुप्रोफेन मात्र चुकूनही देऊ नका.