खारी हवा आणि हेडलाइटचा कोड

प्रश्न : गाडीतला बिघाड वाचणारा स्कॅनर ‘डावा हेडलाइट, सर्किट ओपन’ असा कोड दाखवतो. दोनदा बल्ब बदलला, तरी कोड परत येतो. गाडी देवगड बंदराजवळ उभी असते.

उत्तर : दादा, तिसरा बल्ब घेऊ नका. विजेची वाट कुठेतरी तुटलीय, एवढंच कोड सांगतो. दिवा चालू ठेवून मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी बल्बच्या अर्थिंगच्या (वीज गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परत नेणाऱ्या) वायरला लावा. ०.२ व्होल्टच्या वर दाखवलं तर अर्थिंगच खराब. माझ्याकडे येणाऱ्या किनाऱ्यावरच्या गाड्यांत बहुतेकदा हेच निघतं : ही वायर पत्र्याला जोडणारा बोल्ट सोडवला की वायरच्या टोकावर शेवाळासारखी हिरवी पूड. बॅटरी सोडवून पत्रा चकाकेपर्यंत पॉलिश पेपर मारा, बोल्ट आवळा, वरून व्हॅसलिन. मग कोड पुसा. मीटरवर काहीच आलं नाही, तर सॉकेटवर १२ व्होल्ट पोचतात का बघा.