ट्रकचा अपघात आणि भरपाई: वाचकांचे प्रश्न

चिऱ्याचे ट्रक, वाळूचे डंपर, मासळीचे टेम्पो, लोटे परशुराममधून निघणारे टँकर. मुंबई-गोवा महामार्गावरच्या या गाड्यांच्या अपघातांबद्दल बरेच दिवस पत्रे येत आहेत. एकाच विषयावरची पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे अर्थातच दिलेली नाहीत.

प्रश्न: माझा धाकटा भाऊ (वय ३४) बोटीवर खलाशी होता. निवळी घाटात चिऱ्याच्या ट्रकने त्याच्या मोटारसायकलला धडक दिली, तो जागीच गेला. मागे बायको, दोन मुलं आणि आई. ट्रकमालक ओळखीतला आहे. "दोन लाख रोख देतो, स्टॅम्पपेपरवर सही करा, कोर्टकचेरी नको" असं म्हणतो. गावातली जाणती माणसंही मिटवून टाका म्हणतात. काय करावं? (वाचक, रत्नागिरी तालुका)

सही करू नका. मालक वाईट आहे म्हणून नव्हे. ट्रकचा थर्ड पार्टी विमा चालू असेल तर भरपाई त्याच्या खिशातून जायचीच नाही, ती विमा कंपनी देते. असा विमा कायद्याने सक्तीचा आहे आणि मृत्यूच्या दाव्यात न्यायाधिकरण (अपघाताचे दावे चालवणारे न्यायालय) ठरवेल ती रक्कम कंपनीला भरावी लागते. गावातल्या मंडळींना हे एकदा समजावून सांगा, निम्मा दबाव तिथेच कमी होईल. दुसरे असे की निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा गुन्हा (भारतीय न्याय संहिता, कलम १०६) आपसात मिटवण्याजोगा नाही. म्हणजे त्या स्टॅम्पपेपरने चालकाची सुटकाही होत नाही. मात्र विमा कंपनीचा वकील तोच कागद तुमच्याविरुद्ध दाखवील.

दोन लाख आणि हक्काची भरपाई यांत किती अंतर आहे ते हिशेबानेच पाहा. भावाची कमाई महिना १८,००० रुपये सिद्ध झाली असे धरू. पक्की नोकरी नसलेल्या चाळिशीच्या आतल्या माणसाच्या कमाईत भविष्यातली वाढ म्हणून ४० टक्के मिळवतात: २५,२००. त्याच्यावर चार माणसे अवलंबून, म्हणून त्याचा स्वतःचा खर्च एक चतुर्थांश वजा: १८,९००. वर्षाचे २,२६,८००. ३१ ते ३५ वयोगटासाठी गुणक १६, म्हणून ३६,२८,८००. पत्नी, दोन मुले आणि आई यांना सहवास गमावल्याबद्दल वेगळी रक्कम मिळते. मूळ ४०,००० रुपयांत दर तीन वर्षांनी दहा टक्के वाढ धरायची असते, त्यामुळे २०२३ नंतर न्यायालये प्रत्येकी ४८,४०० धरतात. चौघांचे १,९३,६००. अंत्यविधी आणि मालमत्तेचे नुकसान (लॉस ऑफ इस्टेट, म्हणजे तो जगला असता तर मागे उरली असती ती पुंजी) यांचे प्रत्येकी १८,१५०. एकूण ३८,५८,७०० रुपये, वर अर्ज केल्या तारखेपासून व्याज. हे गुणक आणि टक्के सर्वोच्च न्यायालयाने सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या निकालांत ठरवून दिलेले आहेत. घासाघीस होते ती वय आणि कमाई या दोनच आकड्यांवर.

कमाईचा आकडा तर खलाशाच्या बाबतीत हमखास अडतो. पगारपत्रक नसते. आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणून वर्षाला दहाच महिने कमाई धरा, असा युक्तिवाद ठरलेला असतो. बोटमालकाला साक्षीला आणा, हंगामाचा हिशेब लिहिलेली वही मिळवा, बँकेत जमा झालेल्या रकमांचा उतारा काढा. पावसाळ्यात तो जाळी दुरुस्तीला किंवा भातलावणीला मजुरीने जात असेल तर मजुरी देणाऱ्याचे शपथपत्र घ्या. यातले काहीच दिले नाही, तर न्यायाधिकरण फार तर किमान वेतनाच्या आसपासचा आकडा धरते.

आता कागद. पोलीस ठाण्यातून एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, मृतदेहाचा पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, मोटार वाहन निरीक्षकाचा गाडी तपासल्याचा अहवाल आणि फॉर्म 'कॉम्प एए' यांच्या प्रती घ्या. कॉम्प एए मध्ये गाडी, मालक, चालक, परवाना आणि पॉलिसी यांचा तपशील एकत्र मिळतो. पॉलिसीचा फक्त नंबर पाहून थांबू नका, ती कोणत्या तारखेला आणि किती वाजता सुरू झाली तेही पाहा. अपघातानंतर घाईघाईने काढलेली पॉलिसी कामाची नाही. पंचनामा वाचताना रस्त्याची रुंदी, धडकेची जागा रस्त्याच्या कडेपासून किती फुटांवर आणि ब्रेक घासल्याच्या खुणा किती लांब, हे लिहिले आहे का ते तपासा. आपल्याकडे एक सर आली की खुणा धुऊन जातात, मग पंचनाम्यात "खुणा दिसून आल्या नाहीत" एवढेच येते. गाडी हलवण्यापूर्वीचे कुणाच्याही मोबाइलमधले फोटो अशा वेळी सोन्याच्या मोलाचे.

अर्ज मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे, मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली. अपघात झाला तिथे, तुम्ही राहता तिथे किंवा सामनेवाला (ज्याच्याविरुद्ध दावा आहे तो) राहतो तिथे, कुठेही करता येतो. रत्नागिरी, ओरोस आणि अलिबागच्या जिल्हा न्यायालयांत ही न्यायाधिकरणे आहेत. चालक, मालक आणि विमा कंपनी तिघांनाही सामनेवाले करा. मुदत सहा महिने. १ एप्रिल २०२२ पासून ही मुदत लागू झाली. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे खरे, पण त्या भरवशावर अर्ज लांबवणे शहाणपणाचे नाही. नियमांप्रमाणे पोलिसांनी ४८ तासांत पहिला अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाला द्यायचा असतो आणि तो अहवालच अर्ज म्हणून धरता येतो. तरीही स्वतःचा अर्ज टाकाच.

चूक कुणाची हे सिद्ध करण्यासारखा एकही पुरावा नसेल, तर कलम १६४ चा मार्ग आहे: मृत्यूला ५ लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख, निष्काळजीपणा सिद्ध न करता. पण ती रक्कम अखेरची. ती घेतली की १६६ चा दावा बंद. वरचा हिशेब पाहता तुमच्यासाठी तो तोट्याचा सौदा आहे.

प्रश्न: गणपतीला मुंबईहून सामान घेऊन येणाऱ्या टेम्पोत आम्ही सहाजण मागे बसलो होतो. कशेडी घाटात टेम्पो उलटला, तिघे जखमी. विमा कंपनी म्हणते आमची जबाबदारी नाही. (वाचक, खेड)

कंपनीचे म्हणणे बहुतांशी कायद्याला धरून आहे. मालवाहू गाडीच्या सक्तीच्या विम्यात मालाचा मालक किंवा त्याने पाठवलेला माणूस येतो. फुकट किंवा भाडे देऊन बसलेले प्रवासी येत नाहीत. तुमच्यापैकी ज्याचे सामान टेम्पोत होते आणि जो त्याच्यासोबत प्रवास करत होता, त्याचा दावा टिकू शकतो. सामानाची पावती किंवा भाडे दिल्याचा यूपीआयचा पुरावा जोडा. बाकीच्यांना दावा टेम्पोमालकावरच चालवावा लागेल. काही प्रकरणांत न्यायालये "कंपनीने आधी द्यावे, मग मालकाकडून वसूल करावे" असा आदेश देतात, पण तो हक्क म्हणून मागता येत नाही.

प्रश्न: मी चिरेखाणीवरच्या ट्रकवर क्लीनर आहे, वय २५. आमचाच ट्रक पलटी झाला, पायाचं हाड मोडलं, पाय आता वाकत नाही. मालक म्हणतो चूक ड्रायव्हरची, मी काय करू? (वाचक, कुडाळ)

ड्रायव्हरची चूक असली तरी तुमचा हक्क बुडत नाही. कर्मचारी भरपाई कायदा, १९२३ खाली (२१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ने घेतली आहे) काम करताना इजा झाली एवढे पुरेसे आहे. चुकीचा प्रश्नच येत नाही. हिशेब असा: मासिक पगाराचे ६० टक्के (पगार जास्तीत जास्त १५,००० धरतात) गुणिले वयाचा घटक, तो २५ व्या वर्षी २१६.९१ आहे. पूर्ण अपंगत्वाला १९,५२,१९०. डॉक्टरने कमावण्याची क्षमता ४० टक्के गेल्याचे ठरवले तर ७,८०,८७६ रुपये. रक्कम देय झाल्यापासून महिन्याभरात मिळाली नाही तर १२ टक्के व्याज. मालकाने विनाकारण टाळाटाळ केली तर ५० टक्क्यांपर्यंत दंड, तो विमा कंपनी देत नाही, मालकालाच बसतो. ही ओळ मालकाला वाचून दाखवा.

दाखल्यावर "उजवा पाय ४० टक्के" एवढेच लिहून घेऊ नका. मोजायचे असते ते कमाईचे नुकसान. ज्या क्लीनरला गाडीवर चढता येत नाही, चिरे उतरवता येत नाहीत, त्याचे नुकसान पायाच्या टक्क्याहून जास्त असू शकते. डॉक्टरने ते कारणासह लिहावे आणि साक्षीला यावे. साक्षीला डॉक्टर आला नाही म्हणून चांगले दावे लंगडे पडतात.

आपण कामावरच नव्हतो असे मालक म्हणेल याची तयारी ठेवा. भत्त्याचे यूपीआय व्यवहार, खाणीवरच्या पावत्या, चालकाचा जबाब जमवा. मुदत दोन वर्षे. एक लक्षात असू द्या: मोटार वाहन कायदा आणि हा कायदा, दोहोंपैकी एकाच मार्गाने भरपाई मिळते. दुसऱ्या गाडीची चूक असती तर न्यायाधिकरण बरे पडले असते. तुमच्या प्रकरणात हाच रस्ता सरळ.

प्रश्न: मी ट्रक दोन वर्षांपूर्वी विकला, पैसे घेतले, विक्रीचा करारही आहे. आता त्याच ट्रकच्या अपघाताची नोटीस माझ्या नावे आली. (वाचक, लांजा)

आरसी बुकावर ज्याचे नाव, तो कायद्याने मालक. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार प्रकरणात हे स्पष्ट केले आहे. तुमचा करार खरेदीदाराकडून नंतर वसुली करायला उपयोगी पडेल, अपघातग्रस्ताला दूर ठेवायला नाही. आधी अपघाताच्या दिवशी पॉलिसी चालू होती का ते पाहा. चालू असेल तर थर्ड पार्टीची भरपाई कंपनी देईल, मग घाबरायचे कारण नाही. बंद असेल तर बोजा तुमच्यावर येईल. दोन्ही प्रसंगी नोटिशीला हजर राहा, खरेदीदाराला सामनेवाला करून घेण्याचा अर्ज द्या. हजरच झाला नाहीत तर एकतर्फी आदेश होतो.

हे वाचणाऱ्या इतरांनी: विक्रीनंतर १४ दिवसांत फॉर्म २९ आरटीओत द्या. खरेदीदार फॉर्म ३० भरील म्हणून वाट पाहत बसू नका.

चालकाच्या लायसन्सबद्दलही दोनतीन वाचकांनी विचारले आहे. साध्या हलक्या वाहनाच्या लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाचे मालवाहू वाहन चालवता येते, असा घटनापीठाचा नोव्हेंबर २०२४ चा निर्णय आहे. छोटा टेम्पो त्यात बसतो, दहा चाकी डंपर बसत नाही. लायसन्स चुकीचे किंवा परमिट नसले तर कंपनी बहुधा जखमीला पैसे देते आणि ते मालकाकडून वसूल करते.

प्रश्न: देवगडहून वाशीला पाठवलेल्या हापूसच्या पेट्या ट्रक उलटून फुटल्या. ट्रकचा विमा आहे, मग आमचं नुकसान कोण देणार? (वाचक, देवगड)

ट्रकचा थर्ड पार्टी विमा गाडीत चढवलेल्या मालाला लागू नाही. तुमचा दावा वाहतूकदारावर. तो नोंदणीकृत वाहतूकदार असेल आणि बिल्टी (माल घेतल्याची पावती) दिली असेल, तर रस्ते वाहतूक कायदा, २००७ प्रमाणे त्याचा निष्काळजीपणा तुम्हाला सिद्ध करावा लागत नाही. मात्र दोन खड्डे आहेत. माल बुक केल्यापासून १८० दिवसांत लेखी नोटीस दिलीच पाहिजे, नाहीतर दावा उभाच राहत नाही. आणि जास्तीची जोखीम म्हणून वेगळा दर भरला नसेल तर भरपाई भाड्याच्या दहापट रकमेवर थांबते. समजा शंभर पेट्यांचे भाडे ८,००० असेल, तर मिळतील फार तर ८०,०००, माल दोन-अडीच लाखांचा असला तरी. म्हणून हंगामाच्या तोंडावर मालाचा वेगळा विमा काढलेला बरा.

फुटलेली फळे लगेच टाकू नका. पेट्यांचे फोटो, पोलीस पंचनाम्यात पेट्यांची संख्या, आणि जी फळे तिथेच विकली त्यांच्या पावत्या ठेवा. अनेक बागायतदारांनी मिळून अख्खी गाडी भाड्याने घेतली असेल, तर प्रकरण भाडेकराराच्या अटींवर जाते, तो कागद वकिलाला आधी दाखवा.

प्रश्न: रात्री धडक देऊन ट्रक पळाला, नंबर मिळाला नाही. (वाचक, राजापूर)

मृत्यूला २ लाख, गंभीर दुखापतीला ५०,००० रुपये मिळतात. फॉर्म १ मध्ये अर्ज प्रांत किंवा तहसीलदारांकडे, सोबत एफआयआर, दवाखान्याची कागदपत्रे, पासबुक. चौकशी एका महिन्यात, मग जिल्हाधिकारी पंधरा दिवसांत मंजुरी देतात. पुढे ट्रक सापडलाच तर हे पैसे मोठ्या भरपाईतून वळते होतात, म्हणून अर्ज अडवून ठेवू नका. टोलनाका, पेट्रोल पंप आणि धाब्यांवरचे सीसीटीव्ही चित्रण लवकर पुसले जाते, पोलिसांना पहिल्या दोन-तीन दिवसांतच लेखी अर्ज द्या. उपचारांसाठी २०२५ पासून अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाखाची विनारोकड सोय आहे, दवाखान्यात भरती करतानाच विचारा.

प्रश्न: न्यायाधिकरणाने फारच कमी रक्कम दिली. अपील कुठे आणि किती दिवसांत? (वाचक, सावंतवाडी)

९० दिवसांत, उच्च न्यायालयात. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गची अपिले ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात, रायगडची मुंबईलाच. वादातली रक्कम एक लाखाहून कमी असेल तर अपील होत नाही.